खत आणि खतावणी

राज्य सोडून रानात गेलेले राजे आपल्याकडे पुष्कळ झाले. कुणी मोक्षासाठी गेला, कुणी बापाच्या शब्दाखातर गेला, कुणाला भावांनीच हाकलून दिलं. पण राज्य सोडून भाजी लावायला गेलेला, आणि परत बोलावणं आलं तेव्हा भाजी सोडून यायला नकार देणारा राजा माझ्या वाचनात एकच आहे. तो म्हणजे रोमचा सम्राट डायोक्लेशियन.

हा गृहस्थ काही साधासुधा नव्हता. वीसेक वर्षं त्याने राज्य केलं, अवाढव्य साम्राज्याचा कारभार चौघांत वाटून दिला, आणि महागाई आटोक्यात येईना म्हणून इ.स. ३०१ मध्ये हजारावर जिनसांचे जास्तीत जास्त भाव ठरवून देणारा हुकूम काढला. त्यात धान्य होतं, दारू होती, न्हाव्याची मजुरी होती आणि भाजीपालाही होता. जो जास्त भाव घेईल त्याला देहदंड. परिणाम काय झाला? माल बाजारातून गडप झाला. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला पाच मार्कांच्या प्रश्नाला जे उत्तर आम्ही लिहायचो, ते कळायला रोमच्या सम्राटाला एवढा खटाटोप करावा लागला.

पुढे तो आजारी पडला आणि इ.स. ३०५ मध्ये आपण होऊन पायउतार झाला. आजच्या क्रोएशियात समुद्रकाठी स्प्लिट नावाचं गाव आहे. तिथे त्याने स्वतःसाठी भलाथोरला वाडा बांधून घेतला होता. अजूनही त्या वाड्याच्या भिंतींच्या आत लोक राहतात, कपडे वाळत घालतात, हॉटेलं चालवतात. तीन वर्षांनी, म्हणजे ३०८ मध्ये, साम्राज्यात नेहमीप्रमाणे भाऊबंदकी माजली तेव्हा जुने सहकारी त्याच्याकडे गेले. म्हणाले, महाराज, परत या, गादी सांभाळा. त्यावर सम्राटांनी असं उत्तर दिलं म्हणतात की, मी माझ्या हातांनी लावलेली भाजी तुम्ही एकदा येऊन पाहिलीत, तर असलं काही मला सुचवायची तुमची छाती होणार नाही. त्याच शतकाच्या अखेरीला लिहिलेल्या एका छोट्या इतिहासात हे नोंदलेलं आहे. मूळ लॅटिनमध्ये नुसता भाजीपाला आहे. तो कोबी होता, हे लोकांनी मागाहून ठरवलं. बहुधा कोबी असल्याशिवाय गोष्टीला वजन येत नसावं.

आमच्या बँकेतली निवृत्त मंडळी पेन्शनची चौकशी हे निमित्त करून महिन्यातून दोनदा शाखेत येतात, आपल्या जुन्या टेबलाला हात लावून बघतात आणि 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू होणारं एक वाक्य बोलून चहा घेऊन जातात. त्यांना परत कामावर बोलावलं तर कुणी कोबीची सबब सांगेल असं मला वाटत नाही. म्हणून या सम्राटाबद्दल मला भारी आदर वाटतो. ज्याला कोबीचा भाव काबूत ठेवता आला नाही, त्याने शेवटी कोबीच लावला. याला म्हणतात प्रश्नाच्या मुळाशी जाणं.

हा सगळा इतिहास उकरायची पाळी माझ्यावर आली ती आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांमुळे. २०२० च्या टाळेबंदीत भाजी आणायला जाणं म्हणजे सीमेवर जाण्यासारखं झालं होतं. काकांनी स्वयंपाकघरातले मूठभर मेथीचे दाणे घेतले, टीव्हीबरोबर आलेल्या थर्माकोलच्या खोक्यात माती भरून पेरले आणि गच्चीवर ठेवले. तिसऱ्या दिवशी मेथी उगवली. आता मेथी कुणाचीही तिसऱ्या दिवशी उगवते. चुकून मोरीत दाणे सांडले तरी उगवते. पण काकांना वाटलं, ती आपल्यामुळे उगवली. या आजाराची सुरुवात नेहमी इथूनच होते.

मेथीनंतर कोथिंबीर आली, कोथिंबिरीनंतर पालक, आणि पहिल्या पावसाळ्यात गच्चीच्या कोपऱ्यात दुधीचा मांडव उभा राहिला. काकांच्या बोलण्यात निंबोळी पेंड, मावा आणि पिठ्या ढेकूण हे शब्द असे यायला लागले, जसे पूर्वी मुलामुलींच्या परीक्षांचे मार्क यायचे. ते आता जिन्यात भेटले की तब्येत कशी आहे हे विचारत नाहीत. 'कांद्याची सालं टाकली नाहीत ना?' असं विचारतात. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हा काका रंगवायचा कुंचला घेऊन नराच्या फुलातले पराग मादीच्या फुलाला लावायला गच्चीवर जातात. लेकीचं लग्न जमवताना त्यांनी एवढी लगबग केली नव्हती, असं काकींचं म्हणणं. पुण्याला भाच्याच्या मुंजीला गेले ते अक्षता टाकून, जेवून, त्याच दिवशी परत. का? तर म्हणे, 'भेंडीला पाणी कोण घालणार?' सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्ची गळण्याचा विषय निघाला, तेव्हा काका आपणहून वॉटरप्रूफिंगची जास्त वर्गणी द्यायला तयार झाले. सहकारी गृहनिर्माणाच्या इतिहासात असं दुसरं उदाहरण सापडणं कठीण आहे.

एका रविवारी ते वही घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "अरे, तू बँकेतला माणूस. मला नीट हिशोब करून सांग, माझा टोमॅटो मला कितीला पडला?"

मी रीतसर हिशोब मांडला. पिशव्या, कोकोपीट, गांडूळखत, पेंड, बियाणं, काठ्या, सुतळी, फवारणीचा पंप. पंपावर घसारासुद्धा काढला. हंगामाचा खर्च रुपये ६,८४० आणि उत्पन्न टोमॅटो किलो ९. भागाकार केला तर किलोला ७६० रुपये. काकांच्या श्रमाचे पैसे मी धरलेच नव्हते. ते धरले असते तर टोमॅटो सराफाकडे मिळाले असते. बाजारात त्या आठवड्यात भाव होता चाळीस. मी जरा भीतभीतच आकडा सांगितला. काका दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे एवढा भारी टोमॅटो अख्ख्या बाजारात कुणाकडे नाही?"

"नाही."

काका खूश होऊन गेले. संध्याकाळपर्यंत हा आकडा सगळ्या इमारतीला ठाऊक झाला होता, आणि तोही मीच काढून दिला म्हणून प्रमाणित. पुढे जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने खरोखरच काही शहरांत दोनशेचा पल्ला ओलांडला, तेव्हा काका पारदर्शक पिशवीत चार टोमॅटो घालून लिफ्टमधून विनाकारण खाली-वर करत होते.

पण माझ्या डोक्यातून तो भागाकार जाईना. नावे बाजू सहा हजार, जमा बाजू नऊ किलो. असं खातं आमच्याकडे असतं तर तीन महिन्यांत बुडीत जाहीर झालं असतं. तरी माणसं सतराशे वर्षं हे खातं चालवत आली आहेत. म्हणून वाचनालयात जाऊन जुन्या लोकांच्या खतावण्या बघायला सुरुवात केली.

पहिली मोठी उधळपट्टी सापडली ती फ्रान्सच्या चौदाव्या लुईची. या राजाला मटाराचं वेड होतं. जानेवारी १६६० मध्ये, म्हणजे ऐन हिवाळ्यात, कुणीतरी इटलीतून हिरव्या मटाराच्या शेंगा त्याला नजर केल्या आणि सगळा दरबार खुळावला. वेड किती टिकावं? १६९६ साली मादाम द मँतनाँ, म्हणजे राजाची दुसरी बायको, पत्रात लिहिते की चार दिवस इथले राजपुत्र दुसरं काही बोलतच नाहीत. मटार खायची ओढ, खाल्ल्याचं सुख आणि पुन्हा खायला मिळतील याचा आनंद, एवढंच चाललंय. राजवाड्यात भरपेट जेवून घरी गेलेल्या बायका निजण्यापूर्वी पुन्हा मटार खातात, अजीर्णाचीही पर्वा करत नाहीत, असंही तिने लिहून ठेवलंय. छत्तीस वर्षं! आमच्याकडे मटार स्वस्त झाला की चौथ्या दिवशी पोरं ताटातले मटार बाजूला काढून ठेवतात.

या राजाने व्हर्सायला खास आपल्या भाजीसाठी मळा करवून घेतला, १६७८ ते १६८३ अशी पाच वर्षं खपून. जागा निवडली तीही कशी, तर दुर्गंधी तळं म्हणून प्रसिद्ध असलेली दलदल. ती बुजवून तिच्यावर बाहेरची माती घालून बावीस-तेवीस एकरांचा मळा उभा केला. काम सोपवलं ला कँतिनी नावाच्या माणसाकडे. हा मूळचा वकील! वकिली सोडून भाजीत शिरला. त्याने काचेखाली, घोड्याच्या ताज्या लिदीच्या उबेवर, राजाला डिसेंबरात अ‍ॅस्परॅगस खायला घातला. अ‍ॅस्परॅगस म्हणजे आपल्या शतावरीच्या कुळातली कोवळ्या कोंबांची भाजी. जानेवारीत सॅलडचा पाला, मार्चअखेर स्ट्रॉबेरी. निसर्गाने जी तारीख दिली असेल तिच्या आधी भाजी पानात पडली पाहिजे, हा राजाचा हट्ट. राजा जातीने मळ्यात फेरी मारायला यायचा. त्याच्यासाठी वेगळं फाटक होतं. तो मळा आजही आहे. आमच्या काकांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, "पाण्याची सोय बरी दिसते."

आपल्याकडे बादशहा होऊन गेला तो बाबर. त्याची आवड खरबुजाची. खरबूज म्हणजे फळ, भाजी कुठली, असं कुणी म्हणेल. पण ते काकडीचं सख्खं भावंड आहे, आणि काकडीला आपण भाजीवाल्याकडेच शोधतो. १५२६ मध्ये पानिपत जिंकून बाबर आग्ऱ्याला आला आणि त्याने हिंदुस्थानाविषयीच्या तक्रारींची यादी लिहून ठेवली. चांगले घोडे नाहीत, बर्फ नाही, द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत. बदलीवर आलेले आमचे प्रत्येक शाखाधिकारी पहिल्या आठवड्यात अशीच यादी करतात, म्हणून मला ती एकदम ओळखीची वाटली. पण पुढे तो लिहितो की, एकदा काबूलकडचं खरबूज आलं, ते कापलं, आणि खाताना आपल्याला रडू आवरेना. नंतर बल्खहून आलेल्या एका माळ्याने आग्ऱ्याच्या बागेत खरबुजं लावली आणि ती बरी धरली, याची नोंद तो मोठ्या समाधानाने करतो. सबंध हिंदुस्थान हातात होता, आणि माणूस एका वेलीकडे डोळे लावून बसला होता. १५३० च्या अखेरीस तो आग्ऱ्यातच वारला.

माझ्या धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा सापडला तो थॉमस जेफरसन. अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा. हा माणूस बँकेत असता तर ऑडिटर लोकांनी त्याची पूजा बांधली असती. तो रोजचा खर्च रोज लिहायचा. १७६६ पासून १८२४ पर्यंत त्याने बागेची वेगळी वही ठेवली : काय पेरलं, कधी उगवलं, कधी पानात पडलं, कधी मेलं. अध्यक्ष असताना वॉशिंग्टनच्या मंडईत कुठली भाजी कधी येते आणि कधी संपते याचा त्याने आठ वर्षांचा तक्ता केला, सदतीस भाज्यांचा. म्हणजे एकीकडे लुइझियाना विकत घेऊन देश दुप्पट करतोय आणि दुसरीकडे मंडईत मुळा आला का ते बघतोय. व्हर्जिनियातल्या माँटिचेलो नावाच्या टेकडीवर त्याचं घर. टेकडीची कड कापून, दगडी भिंत घालून त्याने हजार फूट लांबीची सपाट पट्टी करवली आणि तिच्यावर तीनशेहून जास्त वाण लावून पाहिले. मटाराचेच पंधराएक.

मटारावरून शेजाऱ्यांत दरवर्षी पैजही असे. ज्याचा मटार आधी तयार होईल त्याने बाकीच्यांना जेवायला बोलवायचं. बहुतेक वर्षी एक ठरलेले शेजारी जिंकायचे. एका वर्षी जेफरसनचा मटार आधी तयार झाला. घरच्यांनी आठवण केली, तर तो म्हणाला, गप्प बसा, आपला पहिला नंबर कधी हुकत नाही असं त्यांना वाटू द्या, त्यांना बरं वाटेल. ही गोष्ट त्याच्या घरच्यांनी सांगितलेली आहे, तेव्हा थोडी सवलत धरावी. पण मला ती खरी वाटते. आमच्या गच्चीवर तळमजल्यावरच्या वहिनींची मिरची काकांच्या आधी लाल झाली, तेव्हा असं काही घडलं नव्हतं. वहिनींनी मिरचीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता.

एवढा काटेकोर वह्या लिहिणारा माणूस. आणि १८२६ साली मेला तेव्हा डोक्यावर कर्ज एक लाख सात हजार डॉलर! रोजकीर्द चोख, ताळेबंदाचा पत्ता नाही. असे खातेदार आमच्याकडेही आहेत. पासबुक महिन्याला भरून घेतात, शेवटची शिल्लक मात्र बघत नाहीत.

इथपर्यंत मी हसत हसत वाचत होतो. मग त्या घरची आणखी एक वही सापडली. १८०५ ते १८०८ या काळात घरखर्चाची ही वही जेफरसनची नात लिहीत होती, चौदा ते सतरा वर्षांची पोर. तिच्यात कोंबड्या, अंडी, काकड्या, कोबी यांची खरेदी आहे. विकणारे कोण? तर त्याच घरचे गुलाम. हजार फुटांच्या पट्टीवर राबणारे जे लोक, त्यांनी रविवारी आणि रात्री, मालकाचं काम संपल्यावर, आपल्या झोपड्यांपाशी चिमूटभर जागेत भाजी लावायची आणि ती मालकाच्या स्वयंपाकघराला विकायची. त्या वर्षांत मोठ्या पट्टीचं काम अर्धवट होतं, हे खरं. पण हिशोबाच्या वहीत ओळ ती ओळ. मालकाच्या मळ्यात पैसा जात होता आणि गुलामाच्या वाफ्यातून दोन सेंट का होईना, येत होते. त्या अख्ख्या टेकडीवर भाजीचं नफ्यातलं खातं तेवढंच.

वर्मली ह्यूज हा त्या घरचा मुख्य माळी, तोही गुलाम. जेफरसनची कबर त्यानेच खणली. पुढे त्याला मोकळं सोडण्यात आलं; पण जानेवारी १८२७ मध्ये कर्ज फेडण्यासाठी माँटिचेलोतल्या एकशेतीस माणसांचा लिलाव पुकारला गेला आणि त्यात त्याची बायकोमुलं विकली गेली. कर्जापोटी तारण जप्त करणं म्हणजे काय ते मी नोकरीत पाहिलेलं आहे. ट्रॅक्टर जप्त होताना पाहिलाय, शिवणयंत्र जप्त होताना पाहिलंय. ही ओळ वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या रात्री पुढे काही वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेंडेल वाचला. ज्याचा हिशोब शेवटच्या दाण्यापर्यंत जुळला असा या सबंध मंडळींत तोच एक. आज चेक देशात असलेल्या बर्नो गावच्या मठातला हा साधू शिक्षकाच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला होता. मठाच्या आवारात पस्तीस मीटर बाय सात मीटर एवढ्या तुकड्यावर १८५६ पासून आठ हंगाम त्याने मटार लावला, अठ्ठावीस हजारांच्या आसपास रोपं. लुईच्या दरबाराने मटार खाल्ले, याने मोजले. गोल दाणे ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५०. प्रमाण जवळजवळ तिनास एक. आनुवंशिकतेचं सगळं शास्त्र या बेरजेवर उभं राहिलं. १८६६ मध्ये त्याने ते छापलं आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. १८८४ ला तो वारला आणि १९०० साली जगाला जाग आली. मधल्या काळात तो मठाधिपती झाला आणि मठावर बसवलेल्या कराबद्दल सरकारशी वर्षानुवर्षं भांडत राहिला. इतकी अचूक बेरीज करणाऱ्या माणसाला कर भरणं जड जातं, हे मी काउंटरवरून सांगू शकतो.

मग महायुद्ध आलं आणि हा हौसेचा मामला एकदम सरकारी झाला. ब्रिटन आपलं दोन-तृतीयांश अन्न बाहेरून आणत असे. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवायला लागल्यावर सरकारने लोकांना सांगितलं, विजयासाठी खणा! लोकांनी खणलं. गावकऱ्यांना भाड्याने मिळणारे भाजीचे तुकडे १९३९ मध्ये आठ लाखांच्या वर होते, ते १९४३ पर्यंत चौदा लाख झाले. लंडनच्या टॉवरभोवतीच्या खंदकात, जिथे राण्यांची मुंडकी उडवली त्याच्या शेजारी, भाजी लावली. मिडलटन नावाचे एक गृहस्थ दर रविवारी रेडिओवरून कांदा कसा लावावा ते सांगत आणि लाखो लोक कान देऊन ऐकत. अमेरिकेत असे दोन कोटी मळे झाले, व्हाइट हाउसच्या अंगणातसुद्धा. युद्ध संपल्यावर बहुतेकांनी फावडी टाकून दिली. पण काहींना ती टाकता आली नाहीत. त्यांची नातवंडं आजही रविवारी त्याच तुकड्यांवर असतात.

आपल्याकडे 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम १९४२-४३ मध्ये निघाली. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. पुढच्या वर्षी बंगालात दुष्काळ पडला. किती माणसं मेली याचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत रेशन सुरू झालं.

माझी आजी तेव्हा गिरगावातल्या चाळीत नवी नवरी म्हणून आलेली होती. अठरा वर्षांची. आजोबा गिरणीच्या ऑफिसात कारकून. कारकुनी आमच्याकडे वंशपरंपरेची आहे. रेशनच्या तांदळावर घरातली सात तोंडं भागत नव्हती. आजीने माहेरून, रत्नागिरीकडून, अळूचे चार कांदे आणले होते. चाळीच्या मागे सार्वजनिक नळाचं पाणी वाहून जायचं त्या ओलीत तिने ते खोचले. अळूला काही लागत नाही, सांडपाणी आणि दुर्लक्ष एवढं पुरतं. महिन्याभरात पानं सुपाएवढी झाली. भातात अळूचं फदफदं कालवलं की मूठभर भाताची दोन मुठी होते, असं ती सांगायची. त्यात घालायला चण्याची डाळ नसली तर शेंगदाणे, शेंगदाणे नसले तर नुसती चिंच. माझ्या सबंध अभ्यासात ज्याची नावे बाजू शून्य आहे असं खातं हे एकच. खत नाही, पंप नाही, घसारा नाही.

काही दिवसांनी आजीच्या लक्षात आलं की पहाटे कुणीतरी पानं कापून नेतंय. रोज नाही, दोन दिवसांआड. मोजकीच पानं, आणि देठ विळीने नीट कापलेला. म्हणजे काम बाईमाणसाचं, आणि चाळीतल्याच. आजी एका पहाटे जिन्यात उभी राहिली आणि तिने पाहिलं. मला हे तिने सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि नुकताच अकाउंटन्सी शिकत होतो. मी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काय करायचं? पोरांची आई होती ती. मी आपली दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी पानं आतल्या अंगाची कापायला लागले. मोठी पानं बाहेरच्या अंगाला असायची, ती ठेवायची. अंधारात तिला सापडायला नकोत का?"

"किती दिवस?"

"रेशन होतं तोवर. पुढे मग ती आमच्याकडे वाटी घेऊन यायची, उघड. मी अळू द्यायची आणि वाटी परत येताना कधी रिकामी आली नाही."

"पण होती कोण ती?"

आजीने शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही. पुढे मला बँकेत नोकरी लागल्याचं सांगायला पेढे घेऊन गेलो, तेव्हा मात्र शाखेचं नाव ऐकून ती हसली. म्हणाली, "अरे वा. तिच्या नातवाचं खातं आहे तिथे. मोठा माणूस झालाय. नीट बोल हो त्याच्याशी."

तेव्हापासून काउंटरवर पासष्टीच्या पुढचा कुणीही खातेदार आला की मी जरा वाकूनच बोलतो. साहेबांना वाटतं, ग्राहकसेवा सप्ताहाचा परिणाम आहे.